मेलेल्या खारींचे काय होते? एका वेगळ्या कामासाठी ट्रेल कॅमेऱ्याचे परीक्षण

ट्रेल कॅमेऱ्यांची, म्हणजे रानात झाडाला बांधून ठेवायच्या आणि आपोआप छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांची, जी परीक्षणे वाचायला मिळतात, त्यांत पाणवठ्यावर येणारी मोठी जनावरे, पायवाटेवरून रात्री जाणारे मांसभक्षक आणि पक्ष्यांची घरटी यांचाच विचार बहुतेक वेळा केलेला असतो. मी हा कॅमेरा घेतला तो मात्र एका निराळ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. ज्या झाडांवर दिवसभर खारींची धावपळ चालते, त्या झाडांखाली मेलेली खार जवळजवळ कधीच का दिसत नाही? खारींचे आयुष्य काही फार मोठे नसते. करड्या खारीसारख्या भरपूर अभ्यासल्या गेलेल्या जातीतही निम्म्याहून अधिक पिल्ले आपले पहिले वर्ष पुरे करत नाहीत. म्हणजे मरणाऱ्या खारी जिवंत दिसणाऱ्यांच्या मानाने मुळीच थोड्या नाहीत. तरीही वाहनाखाली सापडलेल्या खारी सोडल्या, तर त्यांचे मृतदेह आपल्या नजरेस पडत नाहीत. हे परीक्षण तेवढ्या एका कामापुरते आहे. जमिनीवर पडलेल्या खारीच्या मृतदेहाचे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी साधा ट्रेल कॅमेरा कितपत उपयोगी पडतो, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. कॅमेरा या कामाला चांगला उपयोगी पडतो, परंतु ज्या गुणावर तो विकला जातो, तो गुण बंद केल्यानंतर. हालचाल जाणवताच आपोआप छायाचित्र घेणे हे या यंत्राचे मुख्य वैशिष्ट्य. पण मृतदेहाची विल्हेवाट लावणाऱ्या जिवांपैकी बहुसंख्य जिवांची हालचाल या यंत्राला जाणवतच नाही. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढील गुणदोष एका विशिष्ट नगाचे नसून साध्या श्रेणीतल्या बहुतेक ट्रेल कॅमेऱ्यांचे आहेत.

प्रथम कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट स्पष्ट करायला हवी, म्हणजे यंत्राकडून अवाजवी अपेक्षा राहणार नाही. बऱ्याच खारी मरून जमिनीवर पडतच नाहीत. ससाणे, शिकरे, घुबडे, साप, मांजरे, मुंगसे आणि कोल्हे यांच्या तोंडी जाणाऱ्या खारींचा मृतदेह मागे उरण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. साप शिकार अख्खी गिळतो. घुबड लहान शिकार अख्खी गिळते, मोठी असल्यास फाडून खाते, आणि न पचलेली हाडे व केस गोळीच्या रूपाने तोंडावाटे बाहेर टाकते. त्यामुळे एखाद्या खारीचे शेवटचे अवशेष तिच्या झाडाखाली न सापडता घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली सापडतात. आजारी, उपाशी किंवा थंडीने गारठलेली खार उघड्यावर फिरत नाही. ती आपल्या घरट्यात किंवा झाडाच्या ढोलीत शिरून पडून राहते आणि पुष्कळदा तेथेच मरते. पानाकाटक्यांच्या घरट्यात किंवा ढोलीत मेलेल्या खारीचे विघटन तेथेच, उंचावर, माणसाच्या नजरेआड पार पडते आणि काही काळाने वाऱ्यापावसात घरटे विस्कटले, की सुकलेल्या कातडीचे तुकडे व सुटी हाडे पालापाचोळ्यात मिसळून जातात. जमिनीवरच्या कॅमेऱ्याला यातले काहीही दिसणार नाही. जी खार पडून, धडकून, विजेच्या तारेचा धक्का लागून किंवा शिकाऱ्याच्या तावडीतून जखमी अवस्थेत सुटून जमिनीवर मरते, तिच्यापुरतेच हे यंत्र कामाचे आहे.

आता यंत्राकडे वळू. ट्रेल कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर लेन्सच्या खाली बारीक खाचांचे एक पांढरट प्लॅस्टिकचे भिंग असते आणि त्यामागे उष्णता ओळखणारा सेन्सर बसवलेला असतो. आजूबाजूच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू या भिंगासमोरून सरकली, की सेन्सरला फरक जाणवतो आणि कॅमेरा जागा होऊन छायाचित्र टिपतो. म्हणजे त्याला उष्णता आणि हालचाल या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. मृत खार काही तासांतच हवेच्या तापमानाला येते, शरीर लहान असल्यामुळे तर फार लवकर येते, आणि ती हलत नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती एखाद्या दगडाहून वेगळी नसते. तिच्याजवळ येणारे उष्ण रक्ताचे प्राणी तेवढे त्याला दिसतात. माशा, मुंग्या, भुंगेरे आणि अळ्या यांचे अंग सभोवतालच्या हवेइतकेच गरम किंवा थंड असल्यामुळे त्यांच्यासाठी तो डोळे मिटूनच बसलेला असतो.

हालचालीच्या सेटिंगवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने मला जे दाखवले, ते म्हणूनच खरे असले तरी अर्धे होते. दिवसा कावळा येतो, बराच वेळ अंतर राखून उभा राहतो, दोन उड्या पुढे आणि एक मागे असे करत जवळ सरकतो आणि प्रथम डोळ्यावर, नंतर पोटाच्या मऊ कातडीवर चोच मारतो. ही निवड योगायोगाची नाही. खारीची पाठीची कातडी चिवट आणि दाट केसांची असते, ती फोडणे कावळ्याच्या चोचीला सोपे नसते. डोळे, तोंड, गुदद्वार आणि पोट हीच आत शिरण्याची सोपी ठिकाणे असतात. रात्री मांजर येते, हुंगते आणि मग एका छायाचित्रात मृतदेह आहे व पुढच्या छायाचित्रात नाही, असा प्रकार घडतो. खारीएवढे लहान कलेवर जागेवर बसून खाण्यापेक्षा उचलून आडोशाला नेणे मांसभक्षकाला अधिक सुरक्षित वाटते, आणि खारींचे मृतदेह आपल्याला का दिसत नाहीत, याचे एक मोठे कारण या कोऱ्या चौकटीतच आहे. रस्त्यांवर मेलेल्या प्राण्यांची मोजणी करणाऱ्या अभ्यासकांनाही हीच अडचण येते. लहान प्राण्यांचे मृतदेह मोजणी करणारा पोहोचण्याआधीच उचलले गेलेले असतात आणि म्हणून मृत्यूंचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो.

या टप्प्यावर कॅमेऱ्याचा प्रतिसादाचा वेग महत्त्वाचा ठरतो. हालचाल जाणवल्यापासून छायाचित्र निघेपर्यंतचा अवधी साध्या कॅमेऱ्यांत एका सेकंदाच्या आतबाहेर असतो आणि जाहिरातीत यावर फार भर दिलेला असतो. खाण्यासाठी रेंगाळणाऱ्या कावळ्याच्या बाबतीत या वेगाने काहीच बिघडत नाही. पण झडप घालून मृतदेह उचलणाऱ्या घारीच्या बाबतीत बिघडते. त्याहून अधिक त्रासदायक म्हणजे दोन छायाचित्रांमधला विश्रांतीचा काळ. कारखान्यातून येताना तो पुष्कळदा लांब ठेवलेला असतो. तो सर्वांत कमी करावा आणि प्रत्येक वेळी एकाऐवजी तीन छायाचित्रे सलग घेण्याची सोय चालू करावी. कडक उन्हाळ्यात हवेचे तापमान जनावराच्या अंगाच्या तापमानाजवळ पोहोचले, की सेन्सरला फरकच जाणवेनासा होतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. त्या दिवसांत दुपारची नोंद रिकामी दिसली, म्हणजे दुपारी कोणी आलेच नाही, असा अर्थ काढू नये.

कीटकांचे काम पाहायचे असेल, तर दोन बदल करावे लागतात. पहिला बदल कॅमेऱ्यात करायचा नाही, जमिनीवर करायचा. मृतदेहावर मोठ्या छिद्रांची तारेची जाळी उपडी ठेवून तिच्या कडा खुंट्यांनी जमिनीत पक्क्या कराव्यात, म्हणजे पक्षी व सस्तन प्राणी बाहेर राहतात आणि माशा, मुंग्या, भुंगेरे आत जाऊ शकतात. जाळीच्या छिद्रांचा आकार येथे निर्णायक असतो. इटलीतील फ्रान्चेस्को रेडी यांनी १६६८ साली मांसावर बारीक विणीचे कापड बांधून दाखवून दिले होते, की माशांना मांसापर्यंत पोहोचू दिले नाही, तर मांसात अळ्या होत नाहीत. आपला हेतू नेमका उलट असल्यामुळे जाळी मोकळीच हवी. कीटक नसतील तर काय होते, हे पुढे अमेरिकी अभ्यासक जेरी पेन यांनी डुकरांच्या मृत पिल्लांवर केलेल्या आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत फार स्पष्ट दिसले. कीटकांना मोकळीक असलेल्या मृतदेहांचे सुमारे ९० टक्के वजन उन्हाळ्यात सहा दिवसांत नाहीसे झाले. कीटकांपासून दूर ठेवलेले मृतदेह मात्र सुकत, आक्रसत कितीतरी अधिक काळ टिकून राहिले. हा प्रयोग मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो, कारण खार दिसेनाशी होण्याचे श्रेय आपण मांजराला आणि कावळ्याला देतो, पण ते दोघेही आले नाहीत तरी उबदार हवेत ती फार दिवस उरणार नसते.

दुसरा बदल कॅमेऱ्यात. हालचालीचा सेन्सर बंद करून टाइम-लॅप्सची सोय चालू करावी, म्हणजे ठरलेल्या अंतराने कॅमेरा आपोआप छायाचित्र घेत राहतो. पाच मिनिटांचे अंतर मला सर्वांत सोयीचे वाटले. एक मिनिट ठेवल्यास सेल आणि मेमरी कार्ड दोन्ही लवकर संपतात. अर्धा तास ठेवल्यास माशांच्या आगमनासारख्या घाईच्या घटना निसटतात. काही कॅमेऱ्यांत टाइम-लॅप्स फक्त दिवसा चालतो आणि खरेदीपूर्वी ही गोष्ट माहितीपत्रकात नीट पाहून घ्यावी, कारण रात्रीची नोंद नसेल तर या कामाचा मोठा भाग हातचा जातो.

या सेटिंगवर जे दिसते, त्यासाठी मी हा कॅमेरा पुन्हा घेईन. मृतदेह थंड होऊ लागताच पिसवा आणि उवा निघून जाऊ लागतात. त्या इतक्या लहान असतात, की कॅमेरा त्या टिपू शकत नाही, पण प्रत्यक्ष पाहणाऱ्याला कानांच्या कडांवर त्यांची लगबग दिसते. हवा उबदार असेल, तर हिरव्या-निळ्या झाकेच्या माशा फार लवकर, कित्येकदा काही मिनिटांतच हजर होतात. कुजण्याच्या प्रारंभी सुटणारे गंधकयुक्त वायू माणसाच्या नाकाला जाणवण्याच्या कितीतरी आधी त्यांना जाणवतात. त्या नाकपुड्यांत, ओठांच्या कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यांत आणि जखमेच्या काठावर अंड्यांचे फिकट पिवळसर पुंजके घालतात. मुंग्याही त्याच वेळी पोहोचलेल्या असतात आणि त्या नुसते मांस खात नाहीत, तर माशांची अंडी व कोवळ्या अळ्या उचलून नेतात. जेथे मुंग्यांची फौज मोठी असते, तेथे विघटन मंदावते. मुंग्यांची ही चढाई टाइम-लॅप्समध्ये विलक्षण स्पष्ट दिसते. सलग चित्रांत अंड्यांचा पुंजका एका बाजूने झिजत जातो आणि जबड्यावरून खाली उतरणारी काळी रेघ दर चित्रात किंचित सरकलेली असते.

उबदार हवेत साधारण एका दिवसात अंडी फुटतात आणि अळ्या आत शिरतात. दरम्यान आतड्यांतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या वायूंमुळे पोट फुगलेले असते. पुढच्या चित्रांचा मी सर्वांत अधिक वेळ अभ्यास केला. बाहेरून पाहिल्यास खार अजून जवळजवळ अखंड असते, केस जागच्या जागी असतात, शेपटी पूर्वीसारखीच पडलेली असते. पण चित्रे वेगाने एकामागून एक पाहिली, की बरगड्यांवरचे केस उचलले जाताना आणि खाली बसताना दिसतात, जणू खार श्वास घेत आहे. कातडीखाली अळ्यांचा थवा एका ठिकाणचे मांस संपवून दुसरीकडे सरकत असतो, त्याची ती लाट असते. अळ्या डोके खाली खुपसून आणि मागच्या टोकाकडील श्वासरंध्रे वर ठेवून खातात, त्यामुळे त्यांना खाण्यासाठी थांबून श्वास घ्यावा लागत नाही. आणि इतक्या जणी एकत्र दाटल्यामुळे त्या थव्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा बरेच वाढते. मग एका टप्प्यावर पोट बसते, केसांचे पुंजके सुटून बाजूला पडतात आणि मृतदेह चपटा होतो. पोटभर खाल्लेल्या अळ्या त्यानंतर मृतदेह सोडून बाहेर पडतात आणि कोष करण्यासाठी मातीत शिरतात. माझ्याकडच्या चित्रांत हे प्रस्थान रात्री घडले. कृष्णधवल चौकटीत पांढरे ठिपके जाळीबाहेर पसरत जातात आणि सकाळच्या पहिल्या रंगीत चित्रात मृतदेहाच्या जागी केसांची, हाडांची आणि कातडीची एक सपाट चटई तेवढी दिसते.

हे सारे एवढ्या तपशिलाने दिसण्याच्या आड येणारा या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे फोकस. ट्रेल कॅमेऱ्याचे फोकस कारखान्यातच कायमचे ठरवलेले असते आणि साधारण दीड-दोन मीटरच्या पलीकडची वस्तूच त्यात रेखीव येते. तेवढ्या अंतरावरून मांजर उत्तम दिसते, खार बरी दिसते आणि माशी अजिबात दिसत नाही. जवळ ठेवला, तर सारेच धूसर. लेन्सवर बसवता येणारे जवळच्या अंतराचे जादा भिंग हा यावरचा व्यवहार्य उपाय आहे. ते बसवल्यावर अर्ध्या मीटरच्या आसपास मृतदेह चौकटभर दिसतो. काही कंपन्या जवळच्या अंतरासाठीच घडवलेले कॅमेरे विकतात, आणि ज्यांना केवळ लहान प्राणी व कीटक पाहायचे आहेत, त्यांनी त्यांचाच विचार करावा. इतक्या जवळ आल्यावर रात्रीचा प्रकाश मात्र फार तीव्र पडतो आणि खारीचे पोट पांढरेफटक होऊन सगळा तपशील पुसला जातो. प्रकाश कमी करण्याची सोय नसेल, तर दिव्यांच्या काही भागावर पातळ अपारदर्शक पट्टी चिकटवून काम भागते.

दिव्यांचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही पाहिला पाहिजे. रात्री दिसण्यासाठी हे कॅमेरे अवरक्त प्रकाश वापरतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे अधिक दूरवर उजेड देतात, पण त्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. मृतदेहावर येणाऱ्या प्राण्याला विचलित करायचे नसेल आणि अंतरही थोडेच असेल, तर दुसरा प्रकार निःसंशय योग्य आहे. कमी पल्ल्याची त्याची उणीव या कामात आड येत नाही.

काही परिस्थितींत मात्र हे यंत्र दिशाभूल करू शकते. मृत प्राणी पुरणाऱ्या भुंगेऱ्यांची जोडी लहान मृतदेहाखालची माती उकरत जाते आणि मृतदेह जागच्या जागी खाली बसत बसत जमिनीत जातो. खाली नेल्यावर ते त्याचे केस काढतात, त्याचा गोळा करतात, कुजणे लांबवणारे स्राव त्यावर माखतात आणि आपल्या पिल्लांना त्यावर वाढवतात. कीटकांमध्ये आईबाप दोघांनी मिळून केलेल्या संगोपनाचे हे एक दुर्मीळ उदाहरण आहे. त्यांच्या अंगावरून प्रवास करत आलेले बारीक कोळीवर्गीय जीव माशांची अंडी खातात आणि त्यामुळे भुंगेऱ्यांना प्रतिस्पर्धी कमी होतात. यांपैकी बहुतेक जाती उंदराएवढ्या मृतदेहांना पसंती देतात. अर्धा किलो वजनाची मोठी करडी खार पुरणे त्यांच्या शक्तीबाहेरचे असते. पिल्लू किंवा लहान जातीची खार मात्र त्यांच्या आवाक्यात येऊ शकते. हालचालीच्या सेटिंगवरच्या कॅमेऱ्याला यातले काहीच कळणार नाही, आणि काल असलेला मृतदेह आज नाही, एवढ्यावरून मांजराने नेला, असा तर्क केला जाईल. म्हणून मृतदेह नाहीसा झाल्यावर जागा सोडण्यापूर्वी माती भुसभुशीत झाली आहे का, हे पाहावे.

शेवटचा टप्पा कंटाळवाणा वाटू शकतो, पण तो सर्वांत लांबतो आणि सेलची खरी परीक्षा तेथेच होते. मऊ भाग संपल्यावर सुकलेल्या कातडीवर चामडे खाणारे भुंगेरे येतात. त्यांच्या केसाळ अळ्या कातडी आणि स्नायुबंध इतक्या स्वच्छ खातात, की निसर्गविज्ञानाची वस्तुसंग्रहालये सांगाडे साफ करण्यासाठी हेच भुंगेरे पाळतात. केसांतले केराटिन हे चिवट प्रथिन पचवणे फार थोड्या जिवांना जमते, त्यांत हे भुंगेरे आणि कसरीच्या काही जातींच्या अळ्या येतात. त्यामुळे खारीच्या शरीरातला सर्वांत देखणा भाग, म्हणजे शेपटी, सर्वांत उशिरापर्यंत ओळखू येते. चेहरा केव्हाच गेलेला असतो, पाय सुटे झालेले असतात, पण शेपटीच्या बारीक मणक्यांभोवती केसांचा पिसारा तसाच असतो. कवटी सापडलीच, तर पुढच्या दातांचा नारिंगी रंग पाहावा. तो कुजण्यामुळे आलेला नसून दातांच्या कडक आवरणातल्या लोहामुळे मुळातच असतो. नंतर हाडेही एकेक करून जातात, कारण उंदीर, साळिंदर आणि खुद्द खारीसुद्धा कॅल्शियम व फॉस्फरससाठी हाडे कुरतडतात. मृत खारीची हाडे दुसऱ्या खारीच्या पोटात जाण्याची ही शक्यता मला या विषयातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते.

इतका काळ कॅमेरा चालायचा, तर साधे सेल वापरून चालत नाही. लिथियमचे सेल महाग असले तरी थंडीत टिकतात आणि त्यांचा विद्युतदाब शेवटपर्यंत स्थिर राहतो, म्हणून रात्रीचे दिवे मंद होत जात नाहीत. अळ्या गेल्यानंतर टाइम-लॅप्सचे अंतर पाच मिनिटांवरून एक तासावर न्यावे. माहितीपत्रकात सेल इतके महिने चालतील असे जे लिहिलेले असते, ते क्वचित येणाऱ्या प्राण्यांची मोजकी छायाचित्रे गृहीत धरून लिहिलेले असते. रात्रंदिवस चालणाऱ्या टाइम-लॅप्सला तो हिशोब लागू होत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मेगापिक्सेलचा जाहिरातीतला मोठा आकडा सोडून द्यावा. सेन्सर प्रत्यक्षात कमी बिंदूंची नोंद करतो आणि उरलेले बिंदू गणिताने भरलेले असतात. पावसात पेटी कोरडी राहिली, ही जमेची बाजू. पहाटे लेन्सवर दव साचते आणि सकाळची पहिली चित्रे वाया जातात, याला उपाय सापडला नाही. मुंग्या पेटीच्या झाकणाच्या फटीतून आत शिरून अंडी घालतात, आणि मृतदेहाजवळ मुंग्या विपुल असतात, म्हणून झाकणाची रबरी कडा दर वेळी पुसून घ्यावी. फोनवरून जोडणी करण्याचे ॲप संथ आहे. कार्ड काढून संगणकावर पाहणे सोपे पडते. घड्याळ मात्र नेमके चालते, आणि कोणता जीव केव्हा आला, यावरच सारी नोंद उभी असल्यामुळे हा गुण मला मेगापिक्सेलपेक्षा मोलाचा वाटतो.

मृतदेह हाताळण्याविषयी दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. खारींपासून माणसाला रेबीज होण्याची भीती पुष्कळांना वाटते, प्रत्यक्षात लहान कृंतकांमध्ये, म्हणजे खार-उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये, रेबीज फारच विरळा आढळतो. तरीही पिसवा, गोचिडी आणि जिवाणू यांच्यापासून जपण्यासाठी हातमोजे घातल्याशिवाय जाळी लावू नये आणि मुले व पाळीव प्राणी यांना तेथे जाऊ देऊ नये. दुसरी गोष्ट विषाची. उंदीर मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, रक्त गोठू न देणाऱ्या विषांनी प्राणी लगेच मरत नाही. तो काही दिवस अशक्त होऊन फिरतो, सहज शिकार होतो, आणि त्याच्या यकृतातले विष घुबडाच्या, कोल्ह्याच्या किंवा मांजराच्या शरीरात जाते. थोड्याशा जागेत एकाहून अधिक खारी जखमेवाचून मेलेल्या आढळल्या, तर तेथे कॅमेरा लावत बसू नये. मृतदेह उघड्यावर न ठेवता वन्यजीवांशी संबंधित यंत्रणेला कळवावे. अशा मृतदेहांची तपासणी किती महत्त्वाची ठरू शकते, हे ब्रिटिश बेटांवरील तांबड्या खारींच्या उदाहरणावरून दिसते. त्यांच्या मृतदेहांच्या अभ्यासातून २०१६ साली असे उघड झाले, की माणसात कुष्ठरोग घडवणारे जिवाणू या खारींमध्ये अजून वावरत आहेत, जरी त्या भूमीतल्या माणसांमधून तो रोग शतकांपूर्वीच नाहीसा झालेला होता.

हा कॅमेरा कोणी घ्यावा? ज्याला फक्त मृतदेह कोणी नेला एवढे जाणून घ्यायचे आहे, त्याने कोणताही साधा ट्रेल कॅमेरा घ्यावा आणि तो दोन मीटरवर, जनावराच्या पाठीच्या उंचीवर बांधावा. ज्याला संपूर्ण विघटन पाहायचे आहे, त्याने रात्रंदिवस चालणारा टाइम-लॅप्स, ९४० नॅनोमीटरचे दिवे आणि जवळच्या भिंगाची सोय या तीन गोष्टी असल्याशिवाय खरेदी करू नये. आणि काम संपल्यावरही जागा लगेच मोडू नये. मृतदेहातून झिरपलेल्या द्रवांतल्या अमोनियामुळे तेथले गवत आधी करपते, आणि नंतर त्याच नायट्रोजनवर भोवतालच्या गवतापेक्षा गडद व उंच वाढते. हा फरक दिसायला पुष्कळ आठवडे लागतात, म्हणून जाळी काढली तरी कॅमेरा त्याच जागी, त्याच कोनात ठेवावा आणि दिवसाला एकच छायाचित्र, दुपारच्या ठरलेल्या वेळी, घेण्याची सूचना त्याला द्यावी. या कामात सेल जवळजवळ खर्चच होत नाहीत.